अर्ध्या बागेला गुण किती?

माझी सुभद्राआत्या चिडली की आधी चष्मा काढायची, पदरानं पुसायची आणि मग बोलायची. समोरच्याला सावध व्हायला तेवढाच वेळ मिळे. हैदराबादला चादरघाटच्या मुलींच्या शाळेत ती चित्रकला आणि निसर्गपाठ शिकवायची. शिकवणं उर्दूतून, घरचं बोलणं मराठीतून, भाजीवालीशी तेलुगूतून, आणि चिडणं तिन्ही भाषांतून.

घर नल्लकुंट्याला होतं. तिचे यजमान भुजंगराव औसेकर एका सरकारी दफ्तरात मुंतजिम, म्हणजे आजच्या भाषेत हेडक्लार्क. माणूस सज्जन, पण वरिष्ठांना 'नाही' म्हणायची त्यांची जीभच नव्हती. साहेबांना आंबे हवेत, भुजंगराव आणणार. साहेबांच्या पुतण्याला गणिताची शिकवणी हवी, भुजंगराव सोय करणार. अशीच एकदा त्यांनी आत्याची सोय करून टाकली.

फसली तेराशे सेहेचाळीस, म्हणजे इंग्रजी छत्तीस सालचा हिवाळा. शहरातल्या काही हौशी मंडळींनी खाजगी बागांची एक स्पर्धा चालवली होती. भुजंगरावांचे साहेब मुनीरुद्दीन त्या समितीचे चिटणीस. बंगल्यांच्या पुढच्या बागा समितीचे लोक जाऊन बघत, पण निम्म्या बागा असत जनान्यात, पडद्याआड. तिथं पुरुषांनी पाऊल टाकायचं नाही. मग इतकी वर्षं काय करत? तर मालक जसं वर्णन करील तसे गुण देत. त्यामुळे ज्याची उर्दू चांगली त्याची बाग चांगली, असा प्रकार झाला होता. त्या वर्षी कुणीतरी तक्रार केली, आणि समितीला एक शिकलेली, झाडापानांतलं कळणारी, जनान्यात जाऊ शकणारी बाई हवी झाली.

संध्याकाळी भुजंगराव घरी आले ते चपला काढता काढताच म्हणाले, "अगं, तुझं नाव दिलंय."

"कशाला?"

"बागा बघायला. छान छान बागा बघायच्या, गुण द्यायचे. मुनीरुद्दीन साहेब फार खूश झाले."

आत्यानं चष्मा काढला. "मला विचारलंत?"

"विचारायचं काय त्यात? तुला आवडतंच की फुलंबिलं."

"मला फुलं आवडतात हे तुम्हाला कुणी सांगितलं? दिवसभर चाळीस पोरींना जास्वंदीची चित्रं काढायला लावते मी. घरी आल्यावर मला जास्वंदीचं नावही नको असतं."

ते खरंच होतं. आमच्या आत्याच्या अंगणात एक तुळस होती, आणि तीही शेजारीण पाणी घालायची म्हणून जगली होती. पण नाव गेलं ते गेलं. डिसेंबर लागताच समितीकडून पडदा लावलेला टांगा दाराशी येऊ लागला.

पहिली बाग हिमायतनगरच्या बाजूला, एका नव्या बंगल्यात. तिथल्या बेगमसाहेबा हौशी होत्या. आत्याला त्यांनी आधी दिवाणखाना दाखवला, मग मुलाचे विलायतेतले फोटो, मग नवीन शिवणाचं यंत्र. आत्या म्हणाली, बाग बघू या का? त्या म्हणाल्या, हौ, बघू ना, आधी काही घ्या. आत्या सोवळ्याओवळ्याच्या घरची, बाहेरचं काही खायची नाही. हे बहुतेक सगळ्या घरांना ठाऊक असे, म्हणून तिच्यापुढे सोलायची फळं ठेवली जात. नको म्हटलं की अपमान, आणि हो म्हटलं की निघताना टोपलीभर बरोबर. त्या महिन्यात नल्लकुंट्याच्या घरी इतके पेरू आणि संत्री साठली की भुजंगरावांनाही त्यांचा वीट आला.

बाग मात्र बघण्यासारखी होती. गुलदाऊदीच्या, म्हणजे शेवंतीच्या कुंड्या पायऱ्या-पायऱ्यांनी रचलेल्या. पांढरी, पिवळी, तांबूस. आत्यानं चांगले गुण दिले. चार दिवसांनी बरकतपुऱ्याच्या एका घरी गेली, तर तिथंही शेवंती. तीच मांडणी, तेच रंग. एका कुंडीचा काठ फुटलेला होता आणि त्यावर चुन्याचं बोट ओढलेलं होतं. ती कुंडी आत्यानं हिमायतनगरला पाहिली होती.

"ही कुंडी तुमची?" तिनं विचारलं.

तिथल्या बेगम हसून म्हणाल्या, "आत्ता माझीच. शनिवारपर्यंत. भाड्याच्या आहेत, उस्तानी बी. सगळेच आणतात." उस्तानी बी म्हणजे मास्तरीणबाई; सगळ्या जनान्यांत आत्याला हेच नाव पडलं होतं.

तिसऱ्या घरी, आबिड्सच्या मागच्या बाजूला एका राजेसाहेबांकडे, पुन्हा तीच कुंडी दिसली तेव्हा आत्या तिच्याशी ओळखीच्या माणसासारखी मनातल्या मनात बोलली म्हणे. राणीसाहेब शेजारी उभ्या राहून माळ्यानं किती कष्टानं शेवंती वाढवली ते सांगत होत्या. आत्या घरी येऊन कडाडली, "बागा नव्हेत त्या, वरातीची रोषणाई आहे! आज इथं, उद्या तिथं!"

"मग गुण कमी दे," भुजंगराव म्हणाले.

"कुणाला कमी देऊ? कुंडीला?"

अशा वैतागात असतानाच ती चंचलगुड्याला गेली.

हैदराबादेत जहागीरदारांच्या मोठ्या घराला देवडी म्हणत. चंचलगुड्यातली ही देवडी दोन भावांची होती. वडील गेल्यावर भावाभावांत दावा लागला. घराच्या मधोमध भिंत आली. ती घरातून निघून अंगणात गेली, अंगणातून जनान्याच्या बागेत गेली, आणि बागेतल्या विहिरीवर कमान टाकून पलीकडच्या गल्लीपर्यंत पोचली. भिंतीच्या या बाजूला मोठे नवाब आणि त्यांची बेगम सकीना, त्या बाजूला धाकटे नवाब आणि त्यांची बेगम मुनव्वर. दोन्ही फाटकं दोन वेगळ्या रस्त्यांवर. एका फाटकातून निघून दुसऱ्या फाटकात जायचं तर अख्ख्या मोहल्ल्याला वळसा घालावा लागे. दोन्ही घरांनी स्पर्धेत नावं दिली होती.

आत्या आधी मोठ्या फाटकानं गेली. सकीना बेगम पन्नाशीच्या पुढच्या, जाड, गुडघे दुखणाऱ्या, पण बागेत शिरल्या की ताठ चालणाऱ्या. बाग जुनी होती. भाड्याची एकही कुंडी नव्हती. मेंदीचं कुंपण, डाळिंबांना बांधलेली फडकी, केवड्याचं बन, आणि भिंतीला लागून एक प्रचंड मौलसरी, म्हणजे आपली बकुळ. पण सगळ्यावर सावली. भिंत उंच, ऊन दुपारी थोडा वेळ येई. गुलाबाची झाडं होती, त्यांना पानंच पानं.

"फुलं नाहीत," आत्या म्हणाली.

"ऊन सगळं तिकडे जातं," सकीना बेगम म्हणाल्या. "मौलसरीचं खोड माझ्याकडे, पण फांद्या तिकडे झुकल्यात. फुलं सगळी तिकडे पडतात. मी पाणी घालायचं आणि तिनं फुलं वेचायची!" मग आवाज खाली आणून विचारलं, "तुम्ही तिकडे जाणार ना? वेचते का ती? की तशीच सडू देते?"

"ते मी कसं सांगू? मी निकाल द्यायला आलेय, बातम्या द्यायला नाही."

मोहल्ल्याला वळसा घालून आत्या धाकट्या फाटकानं आत गेली. मुनव्वर बेगम बारीक, पस्तिशीच्या, भराभर बोलणाऱ्या. त्यांच्याकडे ऊन भरपूर. गुलाब डवरलेले. बकुळीची फुलं खाली गालिच्यासारखी पसरलेली आणि दोन मामा, म्हणजे जनान्यातल्या मोलकरणी, ती टोपल्यांत भरत होत्या. पण बागेच्या मध्यावरचा सुरेख अष्टकोनी हौद कोरडा ठणठणीत. तळाला पाला साचलेला.

"हौदात पाणी नाही," आत्या म्हणाली.

"पाटाचं तोंड तिकडे आहे. तिनं बुजवलं. मी भिश्त्याकडून पाणी आणून गुलाब जगवते." मग त्यांनीही आवाज खाली आणला. "तिचे गुडघे कसे आहेत? रोज पहाटे विहिरीवर तिची बादली वाजते, दोन दिवस वाजली नाही. आजारी होती का?"

आत्यानं चष्मा काढला. "बेगमसाहेबा, तुमची भिंत आहे की काय आहे? त्या मला तुमचं विचारतात, तुम्ही मला त्यांचं विचारता. विहिरीतून हाक मारा की!"

"मी मारू हाक? मी?" मुनव्वर बेगम ताडकन म्हणाल्या. "नक्को. तिनं मारावी."

तेव्हा आत्याला कळलं की भांडण नुसतं भावाभावांचं नव्हतं. दोघी जावा त्या बागेत कैक वर्षं एकत्र वावरलेल्या. मुनव्वर लग्न होऊन आली तेव्हा अगदी लहान होती, सकीनानं तिला केवड्याच्या बनातून ओढून आणून वेणी घातलेली. भिंत आली तेव्हा एकीला वाटलं दुसरीनं नवऱ्याचे कान भरले, आणि दुसरीला वाटलं पहिलीनं. एवढी वर्षं झाली तरी बोलणं नाही.

मग खरा पेच आला तो गुणांचा. समितीचे ठरलेले नियम होते. हौद, पाणी, छाया, फुलं, जुनी झाडं, प्रत्येकाचे वेगळे गुण. एकीकडे पाणी आहे, हौद नाही. दुसरीकडे हौद आहे, पाणी नाही. खोड इकडे, फुलं तिकडे. आत्या दोन संध्याकाळी डोकं धरून बसली. भुजंगराव म्हणाले, दोघींना सारखे दे आणि सूट. आत्या म्हणाली, सारखे दिले तर दोघी चिडतील, कमीजास्त दिले तर एक चिडेल, म्हणजे तेच बरं का? त्यांनी हळूच पेरू सोलायला घेतला.

समितीची बैठक मुनीरुद्दीन साहेबांच्या बंगल्यावर झाली. तिथं साहेब होते, एक निवृत्त इंजिनियर होते जे हिरवळ टेपनं मोजत, आणि एक वयस्कर जहागीरदार होते जे बैठक सुरू होताच डोळे मिटत. आत्या सरळ समोर खुर्चीवर बसली. एकेका बागेबद्दल सांगत गेली. भाड्याच्या कुंड्यांबद्दलही सांगितलं.

"बाईसाहेबा," मुनीरुद्दीन साहेब अत्यंत अदबीनं म्हणाले, "कुंड्या स्वतःच्याच असाव्यात असं नियमात कुठं लिहिलेलं नाही."

"फुलं खरी असावीत असं तरी लिहिलंय का?"

इंजिनियर हसले. साहेबांनी विषय बदलला. "चंचलगुडा. दोन बागा."

"एक बाग," आत्या म्हणाली.

"दोन. दोन फाटकं, दोन नावं, दोन अर्ज."

"अर्ज दोन असतील. बाग एकच आहे. तिच्यात भिंत आहे, एवढंच. एका झाडाचं खोड एकीकडे आणि फुलं दुसरीकडे. अर्ध्या बागेला गुण किती देऊ? खोडाला देऊ की फुलांना? मला येत नाही. तुम्हाला येत असेल तर तुम्ही द्या."

"पण आम्ही आत जाऊ शकत नाही."

"मग मी सांगते ते ऐका. एक बाग."

जहागीरदारांनी डोळे उघडले. "वल्लाह," ते म्हणाले, "हे तर त्या दोघांच्या वडिलांचंही म्हणणं होतं." आणि पुन्हा मिटले.

झालं. ती बैठक बंद दाराआडची होती, पण हैदराबादेत बंद दाराला कान फार. तिसऱ्या दिवशी मोठ्या नवाबांचे मुनशी नल्लकुंट्याला हजर. वकिलांनी म्हटलंय की अशा जाणत्या समितीपुढे बाग एकच असल्याचं सांगितलं गेलं, ही फार कामाची गोष्ट आहे. फक्त बाईंनी एवढं जोडावं, की एक बाग आणि ती बड्या सरकारची, म्हणजे मोठ्या नवाबांची. ते जातात न जातात तोच धाकट्या नवाबांचा माणूस आला. बाईंनी कृपा करून आपले शब्द मागे घ्यावेत, बागा दोन आहेत, आणि दोन्ही आधीपासून दोनच होत्या.

"आधीपासून? झाड लावायच्या आधी भिंत होती का?" आत्यानं त्याला विचारलं.

"बाईसाहेबा, मला एवढंच सांगायला पाठवलंय."

भुजंगराव दोघांच्याही मागं फाटकापर्यंत जाऊन नमस्कार करत राहिले. परत येऊन म्हणाले, "सुभद्रे, काहीतरी एक बोल. साहेब मला दफ्तरात बघतात आणि निःश्वास सोडतात. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं."

"तुम्हीच नाव दिलंत ना माझं? आता ऐका."

तिनं शब्द मागे घेतले नाहीत आणि नवीन जोडलेही नाहीत. कुणाची बाजू म्हणून नव्हे. त्या सगळ्या लोकांचा तिला मनस्वी कंटाळा आला होता, आणि कंटाळलेली माणसं बधत नाहीत. शेवटी समितीनं चंचलगुड्याची दोन्ही नावं त्या वर्षापुरती काढून टाकली. पहिलं बक्षीस हिमायतनगरला गेलं. शेवंतीला.

आत्याला वाटलं, सुटले. तर आठवड्याभरात मुनव्वर बेगमची मामा दाराशी. बेगमसाहेबांनी याद केलंय. आत्या गेली, तर मुनव्वर बेगम रागानं लाल झालेल्या.

"माझे गुलाब अख्ख्या शहरात नसतील. आणि तुम्ही म्हणालात माझी बाग म्हणजे तिच्या त्या अंधाऱ्या बागेचा तुकडा?"

"असं मी म्हटलेलं नाही."

"मग काय म्हटलंत?"

आत्या सांगत असतानाच पलीकडची मामा दारात येऊन उभी राहिली. मोठ्या बेगमसाहेबांना कळलंय की उस्तानी बी आल्यात, त्यांनी इकडेही यावं. पुन्हा मोहल्ल्याला वळसा. उन्हात टांग्याचा घोडा अडून बसला, शेवटचा टप्पा आत्या पायी चालली. सकीना बेगम गुडघे चोळत बसल्या होत्या.

"चाळीस वर्षांची मौलसरी माझी. तिच्या वाळक्या हौदाशी माझी बाग जोडलीत? ती काय म्हणाली? नक्की सांगा. जाऊन तिला सांगा की मी म्हणते..."

"मी काही सांगणार नाही!" आत्याचा आवाज इतका चढला की केवड्याच्या बनातली पाखरं उडाली. "मी शाळेत पोरींना शिकवते. मी तुमची डाक नाही. तुम्हाला तिला काही सांगायचंय, तिला तुम्हाला काही सांगायचंय, आणि पाय माझे दुखतात! गुरुवारी दुपारी बाग-ए-आम फक्त बायकांसाठी असते. तुम्ही या. तिलाही येऊ दे. समोरासमोर उभ्या राहा आणि पोटभर भांडा."

सकीना बेगमनी गुडघे चोळणं थांबवलं. मग म्हणाल्या, "मी तिच्यासाठी येणार नाही. तुम्ही बोलावलंत म्हणून येईन."

पलीकडे मुनव्वर बेगमनंही शब्दाशब्दानं हेच उत्तर दिलं. ते ऐकायलाही आत्याला वळसा घालावाच लागला.

शुक्रवारची सुट्टी असल्यामुळे गुरुवारी शाळा अर्धा दिवस. आत्या शाळेतून परस्पर गेली. त्या सार्वजनिक बागेतले माळी दुपारी बाहेर काढलेले असत, फाटकापाशी कनात लावलेली, पडद्याच्या गाड्या थेट आत येत. आत बायका मोकळेपणानं हिंडत, पोरी पळत, सतरंज्या पसरून पानदान उघडी. दोघी जावा आल्या, वेगवेगळ्या गाड्यांतून, वेगवेगळ्या वाटांनी. दोघींनीही प्रथम बाग बघायला आल्यासारखं दाखवलं. एक गुलाबाच्या ताटव्याकडे गेली, दुसरी तळ्याकडे. आत्या मधोमध सतरंजीवर. अर्धा तास असा गेल्यावर तिनं दोघींना हाका मारल्या, शाळेत मारते तशा.

भांडण झालं. अगदी खरं भांडण.

"पाटाचं तोंड तू बुजवलंस," मुनव्वर बेगम म्हणाल्या.

आत्याला वाटलं, आता त्या नाही म्हणतील, मुनशीवर ढकलतील. पण सकीना बेगम म्हणाल्या, "हौ. मीच बुजवलं. उभी राहून बुजवून घेतलं. तू माझ्या लेकीच्या निकाहला आली नाहीस."

"बोलावलंस कुठं?"

"बोलवायचं कसं? भिंतीपलीकडे तीन दिवस शहनाई वाजत होती, ऐकू आली नाही? कान नव्हते?"

"ऐकू आली. तीन दिवस रडले मी. कैकू नाही बोलावलंस?"

दोघी एकदम बोलू लागल्या. वेणीपासून सासूपर्यंत, सासूपासून कुठल्याशा हिरव्या शालूपर्यंत. आजूबाजूच्या बायका माना वळवून बघायला लागल्या. आत्यानं पुन्हा पुन्हा चष्मा पुसला. तिला वाटलं होतं, एकदा समोरासमोर आल्या की काहीतरी निकाल लागेल. निकाल कसला, उलट नवे दावे निघत होते. ती उठली आणि सरळ तळ्याकडे चालू लागली. कमळाची पानं बघत मोठा फेरा मारला. मनात ठरवलं, परत जायचं, दोघींना सलाम करायचा आणि आयुष्यात पुन्हा कुणाच्या बागेत पाय ठेवायचा नाही.

परत आली तर दोघी सतरंजीवर शेजारी शेजारी बसलेल्या. मध्ये एक हात अंतर, तोंडं समोर.  समोरच्या ताटव्यात झेंडूच्या रांगा होत्या.

"हे काय लावलंय," सकीना बेगम म्हणाल्या, कुणालाही उद्देशून नाही. "फौज उभी केल्यासारखी."

"एकसुद्धा झाड मोकळं नाही," मुनव्वर बेगम म्हणाल्या.

"छाटून छाटून मारलंय."

"आणि वास? वास कशालाच नाही."

सूर्य कलेपर्यंत दोघींनी त्या अख्ख्या बागेची चिरफाड केली. कुठं कुठलं झाड हवं होतं, कुठं पाणी जास्त होतं, कुठल्या माळ्याला घरी पाठवायला हवं होतं. आत्यानं बागेची बाजू घ्यायचा प्रयत्न केला, तेव्हा दोघींनी मिळून तिला गप्प केलं.

निघताना सकीना बेगम गाडीत चढता चढता म्हणाल्या, "पुढच्या गुरुवारी तुम्ही येणार ना, उस्तानी बी?"

"मी कशाला? आता तुम्ही दोघी बोलता ना?"

"मी तिच्यासाठी कशी येऊ? तुमच्यासाठी म्हणून येते."

दुसरीनंही तेच म्हटलं. आणि आत्याचे गुरुवार गेले. शुक्रवारची सुट्टी घरकामात जाई, म्हणून तिची आठवड्यातली एकुलती मोकळी दुपार होती ती. त्या दुपारी झोपायचं, वेणीफणी करायची, माझ्या आईला पत्र लिहायचं, असे तिचे बेत असत. सगळे बारगळले. ती गेली नाही तर त्या दोघी जात नसत, आणि मग शुक्रवारी सकाळी दोन फाटकांच्या दोन मामा दाराशी उभ्या असत. भुजंगरावांना बघून दफ्तरात आता कुणी निःश्वास सोडत नव्हतं. ते मजेत होते. ते म्हणत, "चांगली हवा मिळते गं तुला." 

पावसाळ्याच्या तोंडाशी कधीतरी मुनव्वर बेगमनं सांगितलं की हौदात थोडं पाणी दिसतंय. सकीना बेगम झाडाकडे बघत म्हणाल्या, "उंदरानं बीळ केलं असेल पाटात." उंदीर चांगला कामसू निघाला. दिवाळीपर्यंत हौद अर्धा भरला. दावा चालूच होता, भिंत उभीच होती, नवाब मंडळी एकमेकांना तारखांनाच भेटत होती.

समितीनं पुढच्या वर्षी जनान्याच्या बागा स्पर्धेतून काढूनच टाकल्या. कारण दिलं, लायक बाई मिळत नाही. हे आत्याला फार लागलं. "लायक नाही!" ती भुजंगरावांना म्हणाली. "मी होते तेव्हा त्यांना नकोशी झाले, आता म्हणे मिळत नाही." तिनं स्वतःहून कधी ते काम मागितलं नव्हतं, पण ते काढून घेतलेलं तिला चाललं नाही.

असं तीन-चार वर्षं चाललं. मग सकीना बेगमचे गुडघे पार गेले. गाडीत चढता येईना. बाग-ए-आमला जाणं बंद झालं. मुनव्वर बेगमला मोठ्या फाटकातून आत जायची सोय नव्हती, दरवान त्यांची गाडी ओळखत होता आणि नवाबांची सक्त ताकीद होती. मग पुन्हा आत्याच गुरुवारी आधी एका फाटकानं, मग वळसा घालून दुसऱ्या फाटकानं, दोघींना भेटू लागली. आता मात्र ती निरोप नेत होती. नाही म्हणायचंही तिनं सोडून दिलं होतं.

एका गुरुवारी हिवाळ्यात ती धाकट्या देवडीत पोचली. मुनव्वर बेगम बुरखा घालून दारातच उभ्या. आत्या टांग्यातून उतरली, तशा त्या तिच्या जागी चढून बसल्या आणि पडदा ओढून घेतला.

"बड्या फाटकाला चल," त्यांनी आतून टांगेवाल्याला सांगितलं. "दरवानानं विचारलं तर म्हण, उस्तानी बीची सवारी."

"अहो, आणि मी?" आत्या ओरडली.

"तुम्ही बसा ना माझ्याकडे, उस्तानी बी. पेरू काढून ठेवलेत."

टांगा निघून गेला. दरवानानं नेहमीचा टांगा म्हणून आत सोडला असणार, कारण तास गेला, दुसरा तास गेला, टांगा परत येईना. आत्या मुनव्वर बेगमच्या बागेत गुलाबांमध्ये एकटी बसून राहिली. नळदुर्गहून पाहुणे येणार होते, घरी पीठ भिजवायचं होतं. ती चिडून उभी राहायची, पुन्हा बसायची. मामानं पेरू सोलून आणले, तेही तिनं रागारागानं खाल्ले. संध्याकाळी टांगा आला तेव्हा मुनव्वर बेगमचे डोळे सुजलेले होते आणि हात मेंदीनं माखलेले होते.

"पुढच्या गुरुवारी जरा लवकर या," त्या म्हणाल्या.

आत्या घरी जाऊन भुजंगरावांना जे काही बोलली ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. पण पुढच्या गुरुवारी ती लवकर निघाली. जाताना पिशवीत तपासायच्या वह्यांचा गठ्ठा घेतला, आणि टांग्यात तो मांडीवर धरून बसली.